उलटे आटे

नोव्हेंबरात स्ट्रोक आला तेव्हा जयदीप गानूची उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. बाजू हळूहळू थोडी परत आली. चार पायांच्या काठीवर भार टाकून तो हॉलपासून गराजच्या दारापर्यंत चालू लागला, उजव्या हाताची मूठ अर्धीमुर्धी मिटू लागली. बोलणं मात्र एका शब्दाशी येऊन अडकलं. तो शब्द होता ‘बरोबर’.

अठ्ठावीस वर्षं त्याने गाड्यांचे सुटे भाग तपासण्याच्या कामात घालवली होती, आधी चाकणला आणि मग इकडे ओंटारिओत. दिवसातून शंभरदा हा शब्द तोंडून जायचा, म्हणून कदाचित तोच मागे राहिला असेल. चहा हवा असला तरी ‘बरोबर’. पाय दुखला तरी ‘बरोबर’. आणि एखादी गोष्ट साफ चुकलेली असली तरी तोंडातून ‘बरोबर’च बाहेर पडायचं. डोक्यात वाक्य तयार असायचं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. ओठांपर्यंत येईतो त्याचं काय व्हायचं ते त्याचं त्यालाच कळत नसे. स्पीच थेरपिस्टने त्याच्या बायकोला, चित्राला, पहिल्याच दिवशी समजावलं होतं की ह्यांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. चित्राला ते पटलंही होतं. पण दिवसभर एकच शब्द ऐकणारं माणूस शेवटी त्या शब्दालाच उत्तर देऊ लागतं, तसं तिचं झालं.

टोरंटोजवळच्या मिल्टनमधल्या त्यांच्या घरात गराजमध्ये गाडी कधी गेलीच नाही, कारण तिथे जयदीपचा टेबल सॉ होता, टेबलात बसवलेली विजेची करवत. अकरा वर्षांपूर्वी वॉनच्या इंडस्ट्रियल भागातलं एक सुतारकामाचं दुकान बंद झालं, तेव्हा त्याने तो उचलून आणला. साठ-पासष्ट सालचा, ओतीव लोखंडाचा, चार माणसांनाही जड. हिवाळाभर गाडी बाहेर, सकाळी उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करा, काचेवरचा बर्फ खरवडा, ह्यावरून चित्राने किती वेळा तोंड सोडलं असेल. पण स्वयंपाकघरातली कपाटं त्याच यंत्रावर झाली होती. ओळखीच्या तीस-चाळीस घरांत तरी जयदीपने केलेले पोळपाट होते. ब्रॅम्प्टनला आंबेडकर असोसिएशनची लायब्ररी सुरू झाली, तिची सगळी शेल्फं त्याने एका उन्हाळ्यात करून दिली होती. शेल्फं बसवायला मदत करणाऱ्या कपिलशी त्याची ओळख तिथलीच.

फेब्रुवारीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट घर बघायला आली. बाथरूममध्ये दांडे कुठे बसवायचे, गालिचा कुठला काढायचा हे सांगून झाल्यावर तिने गराजचं दार उघडलं आणि तिथेच थबकली.

“हे इथे राहून चालणार नाही,” ती इंग्रजीत म्हणाली.

“नाही, नाही, आम्ही काढूनच टाकणार आहोत,” चित्रा घाईने म्हणाली. मग जयदीपकडे वळून मराठीत, “अहो, काढूनच टाकायचंय ना?”

“बरोबर,” जयदीप म्हणाला.

सॉ म्हणून ते यंत्र पुन्हा चालवायची त्याचीही छाती नव्हती. अर्धी मूठ मिटणाऱ्या हाताने फिरत्या पात्याजवळ लाकूड ढकलायचं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार. पण हॉस्पिटलातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने एक बेत केला होता. पातं काढायचं. पातं ज्यावर फिरतं त्याच दांड्यावर पोलादी चकती चढवायची, चकतीला पॉलिश पेपर चिकटवायचा. म्हणजे सॉचा सँडर, घासायचं यंत्र, होतो. चकतीला दात नसतात, लाकूड टेबलावर टेकवून एका डाव्या हाताने धरता येतं. टेबल तेच, मोटर तीच, पट्टा तोच. पोळपाटाच्या कडा गोल करायला ह्याहून बरं काही नाही. कापायचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं, आपण नुसतं घासावं. एवढं जमलं तर सकाळी उठायला कारण होतं.

हा बेत सांगायला त्याच्याकडे एक शब्द होता.

त्याने डाव्या हाताने कागदावर एक चौकोन काढला आणि चौकोनातून अर्धं वर आलेलं एक वर्तुळ. चित्राने कागद उलटसुलट करून पाहिला.

“पोळी? भूक लागलीय का?”

“बरोबर, बरोबर,” तो वैतागून म्हणाला. तिने पोळी गरम करून आणली.

वॉटर्लूला राहणारी मुलगी, ईशानी, व्हिडिओ कॉलवर आली तेव्हा चित्राने तिला कागद दाखवला.

“इज इट अ क्लॉक, बाबा?” ईशानी म्हणाली. “सनराइज? आई, मे बी ही वॉन्ट्स टु गो आउट.”

त्या दुपारी त्याला अंगात दोन जॅकेटं चढवून, टोपी घालून, तळ्याकाठी नेऊन आणलं. तळं गोठलेलं होतं. चित्रा त्याचा हात धरून त्याच्या पावलाने चालत होती आणि मधूनमधून म्हणत होती, “बरं वाटतंय ना?” तिला एवढं समाधान झालेलं बघून जयदीपने मान हलवली.

मार्च उजाडला. सॉची जाहिरात ईशानीने ऑनलाइन टाकली होती, पण वजन वाचूनच लोक माघार घ्यायचे. मग चित्राने ठरवलं की निदान पातं तरी काढून ठेवू. ती पाना घेऊन गराजमध्ये गेली आणि जयदीप तिच्या मागोमाग. टेबलातली पट्टी तिने उचलली, आत वाकून नट शोधला, पात्याला लाकडाचा तुकडा अडवला आणि जोर लावला. नट हलेना. तिने आणखी जोर लावला. जयदीपला दिसत होतं की ती तो आवळत चालली आहे. ह्या सॉच्या नटाला उलटे आटे होते. पातं ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट आवळत जावा, सुटू नये, म्हणून बनवणाऱ्याने ते मुद्दाम उलटे पाडले होते. इतर नट ज्या बाजूला सुटतात त्याच्या नेमका विरुद्ध.

“बरोबर,” तो म्हणाला. “बरोबर. बरोबर.”

“हो, बरोबर लावलाय मी पाना,” चित्रा दात आवळून म्हणाली.

शेवटी तो काठी सोडून टेबलावर रेलला आणि डाव्या हाताने तिचं मनगट धरून दुसऱ्या बाजूला ढकललं. नट कचकन सुटला. चित्राने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“उलटा आहे होय,” ती म्हणाली आणि हसायला लागली. “अहो, मग सांगायचं नाही का?”

म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली. पण तोही हसत होता. नोव्हेंबरनंतर दोघं पहिल्यांदाच हसली असतील.

त्या हसण्याने त्याला धीर आला. तिने पातं काढून टेबलावर ठेवताच त्याने कपाटाचा खण ओढला, पॉलिश पेपरचा एक ताव काढला आणि पात्यावर पसरून दाबून धरला. मग भिंतीकडच्या ढिगातला एक लाकडी तुकडा हनुवटीने तिला दाखवला. तिने तो दिला. त्याने तो तुकडा कागदावर घासला, पुन्हा घासला, आणि पातं जिथून निघालं होतं त्या फटीवर बोट आपटलं. पुन्हा घासला, पुन्हा बोट आपटलं.

चित्राच्या कपाळाला आठ्या पडल्या. “इथे घासायचंय? पात्याच्या जागी?” ती थांबली. “मोटरवर? म्हणजे फिरणारा पॉलिश पेपर?”

जयदीपच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

“देवा,” चित्रा म्हणाली. “आणि मी तुम्हाला पोळ्या खायला घालतेय.”

कपिलला तिनेच फोन केला. कपिल मूळचा अमरावतीचा, वॉनला एका मोठ्या गोदामात यंत्रांच्या देखभालीचं काम बघायचा. शेल्फांच्या उन्हाळ्यापासून जयदीपला तो भाऊ म्हणायचा. चित्राने कागदावरचं चित्र आता समजावून सांगितलं तसं तो म्हणाला, “वहिनी, हे तर एकदम सोपं आहे. मी करून देतो नं.” पुढचे तीन शनिवार तो आला. चकती त्याने ओळखीच्या माणसाकडून कातून आणली. चकतीपुरती जागा सोडून टेबलाची फट बुजवली, धूळ ओढायला व्हॅक्यूमचा पाइप जोडला. जयदीप खुर्चीवर बसून बघायचा, मधेच काठीच्या टोकाने एखादा बोल्ट दाखवायचा, आणि कपिलला बहुतेक वेळा समजायचं. दोघांचं चांगलं जमलं. चित्रा चहा घेऊन यायची, दारात उभी राहायची. गराजमध्ये पुन्हा कुणीतरी काम करतंय ह्याचं तिलाच बरं वाटत होतं.

तिसऱ्या शनिवारी एक घोळ झाला. जुनी मोटर नुसती गुरगुरली आणि जळका वास सुटला. कपिलने ती उघडून पाहिली, मान हलवली.

“गेली भाऊ ही. काळजी करू नका. आमच्याकडे जुन्या पट्ट्याच्या यंत्राची एक मोटर काढून ठेवलीय. तेवढ्याच ताकदीची आहे. विचारून घेऊन येतो.”

पुढच्या शनिवारी ती मोटर आली आणि बसली. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फ काळा पडून खचला होता, गराजचं दार अर्धं उघडं ठेवता येत होतं. चित्राने जयदीपची खुर्ची भिंतीला लावून ठेवली, थंडी लागू नये म्हणून पायांवर ब्लँकेट घातलं, आणि ईशानीला व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरला.

“आधी रिकामी फिरवून बघू,” कपिल म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

दांडा फिरू लागला. जुन्या मोटरीसारखी गुरगुर नाही, थरथर नाही. कपिलने समाधानाने मान डोलावली. “बघा भाऊ, मस्त फिरून राहिली.”

जयदीपने पाहिलं आणि तो खुर्चीत पुढे सरकला. दांडा उलटा फिरत होता. अकरा वर्षं त्याने तो समोर उभं राहून पाहिला होता. वरची बाजू आपल्याकडे यायची. आता ती पलीकडे जात होती. तशी गोष्ट छोटीच होती. मोटरीच्या डबीतल्या दोन तारांची अदलाबदल केली की संपलं, पाच मिनिटांचं काम. पण अशीच ठेवून वर जड चकती चढवली, तर उलट्या आट्यांचा नट प्रत्येक फेऱ्याला आवळण्याऐवजी सैल होत जाणार. आणि नट निघाला की चकती कुठे जाईल हे सांगता येत नाही.

“बरोबर,” तो म्हणाला.

“हो नं, एकदम बरोबर,” कपिल म्हणाला.

जयदीपने मान जोरजोरात हलवली. डावा हात वर करून त्याने हवेत बोट फिरवलं, जुन्या दिशेने, पुन्हा पुन्हा. ते बघून कपिल हसला. “लावतो नं भाऊ चकती. घाई झाली भाऊला.”

“लहान मुलासारखं झालंय त्यांचं,” चित्रा फोनकडे बघून म्हणाली. “कालपासून जेवणातसुद्धा लक्ष नाही.”

“ही लुक्स सो एक्सायटेड,” फोनमधून ईशानी म्हणाली.

कपिलने चकती चढवली. नट लावताना चित्रा पुढे होऊन म्हणाली, “कपिल, तो उलटा आहे हं, उलट्या बाजूला आवळायचा,” आणि आपल्याला हे माहीत आहे ह्याचं कौतुक तिच्या चेहऱ्यावर उमटलं. कपिलने नट उलट्या बाजूला घट्ट आवळला. त्याच्या परीने त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. माणूस बारा वर्षं यंत्रं दुरुस्त करत होता. पण उलटे आटे का असतात हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं नाही. कधी कधी नाही येत.

जयदीप उठू लागला. “बरोबर, बरोबर, बरोबर.” आवाज त्याचा त्यालाच परका वाटत होता. चित्राने फोन कपाटावर ठेवला आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

“बसा हो. पडाल. इथूनच छान दिसतंय.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडासमोर तोंड आणून त्याने शब्द शोधला. ‘थांब’ हा शब्द डोक्यात लख्ख होता, थ, त्याला काना आणि वर अनुस्वार, अगदी डोळ्यांसमोर लिहिल्यासारखा. ओठ हलले. “ब,” तो म्हणाला. “ब.”

“हो हो,” चित्रा म्हणाली आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

कपिलने चष्मा चढवला, लाकडाचा तुकडा घेतला, चकतीच्या अगदी समोर उभा राहिला आणि बटण दाबलं.

चकतीने वेग घेतला. आवाज वर चढत गेला आणि त्या आवाजाच्या आत जयदीपला एक बारीकशी टिकटिक ऐकू आली. कपिल लाकूड पुढे नेत होता. मोटरीची वायर जयदीपच्या खुर्चीशेजारून भिंतीतल्या सॉकेटात गेली होती. चित्राचे हात खांद्यांवरून निघाले होते. त्याने डावा हात मागे टाकला, वायर मुठीत आली, आणि आपल्या सगळ्या वजनासकट तो खुर्चीवरून उजव्या अंगावर खाली कोसळला. प्लग भिंतीतून निघाला. काँक्रीटवर त्याचं उजवं कपाळ आपटलं. ती बाजू अजून अर्धी बधिर असल्यामुळे दुखलं मात्र उशिरा.

चकती फिरत फिरत मंदावली आणि थांबली. चित्रा किंचाळत होती. फोनमधून ईशानी विचारत होती, “व्हॉट हॅपन्ड? आई? व्हॉट हॅपन्ड?”

सगळ्यांना वाटलं दुसरा स्ट्रोक आला. ॲम्ब्युलन्स आली. इमर्जन्सीत सहा तास गेले, डोक्याचा स्कॅन झाला, भुवईवर चार टाके पडले. नवीन काही नव्हतं. तरुण डॉक्टरने नेमकं काय झालं म्हणून विचारलं.

“यंत्राच्या आवाजाने ते घाबरले,” चित्रा इंग्रजीत म्हणाली. “आम्ही चूक केली. त्यांना एवढं सहन होत नाही.”

“असं झालं का?” डॉक्टरने जयदीपला विचारलं.

नाही, असं झालं नाही. मोटर उलटी जोडलीय. कपिलला सांगा कुणीतरी, तिला हात लावू नकोस.

“बरोबर,” जयदीप म्हणाला, आणि डॉक्टरने तसं लिहून घेतलं.

कपिल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आधी गराज आवरायला गेला आणि बराच वेळ आतच राहिला. मग जिना चढून जयदीपच्या खोलीत आला, पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. त्याच्या हातात नट होता.

“बोटांनी निघाला, भाऊ,” तो म्हणाला. “पाना लागलाच नाही. एक-दीड आटा उरला होता.” त्याने नट तळहातावर फिरवला. “मोटर उलटी फिरत होती. तुम्ही बोटाने दाखवत होतात मला. मी हसलो.”

चित्रा दारात उभी होती. कपिलने मान वर न करता तिला सांगितलं, “वहिनी, भाऊ घाबरले नव्हते. त्यांनी वायर ओढली नसती तर ती चकती माझ्या पोटात होती.” चाळिशीचा बाप्या माणूस, तोंडावर हात घेऊन रडू लागला. जयदीपने डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. एका दिवसाने उशिरा का होईना, खरं काय झालं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

कपिल गेल्यावर चित्रा खोलीत आली. पडदा सरळ केला, औषधाची डबी बघितली. मग पलंगावर येऊन बसली.

“मी धरून बसवलं तुम्हाला,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी.”

जयदीपने मान हलवली. तुझी काही चूक नाही, असं त्याला म्हणायचं होतं. मान नेमकी कशी हलली हे त्याला समजलं नाही.

“तुमचं सगळं ठीक होतं, मला कळलं. पण कळलं ते दुसऱ्या दिवशी. कपिल आला म्हणून कळलं.” तिने त्याच्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली, थेरपिस्टने शिकवलं होतं तशी. “पुढच्या वेळीही मला उशिराच कळणार. ह्या घरात ते यंत्र नको. तुमच्यामुळे नाही म्हणत. माझ्यामुळे म्हणतेय.”

ती त्याच्या हाताशी खेळत राहिली आणि बाहेर वितळलेल्या बर्फाचं पाणी पन्हळीतून टपटपत होतं.

मे महिन्यात कपिल आणि त्याचे तीन मित्र भाड्याचा ट्रक घेऊन आले. वॉनला त्यांनी एक छोटा गाळा मिळून घेतला होता, असोसिएशनची बाकं-टेबलं दुरुस्त करायला. सॉ, म्हणजे आता सँडर, तिकडे जाणार होता. जयदीप खुर्चीवर बसून बघत होता. टेबल सोडवलं, पाय सोडवले, एकेक भाग ब्लँकेटात गुंडाळून वर चढवला. “भाऊ, तुमचंच आहे हे. कधीही या, मी न्यायला येतो,” कपिल म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता. पण मिल्टनहून वॉन म्हणजे चारशे सात नंबरच्या हायवेवरून ट्रॅफिकमध्ये तासभर, आणि कपिलच्या आठवड्यात मोकळा दिवस एकच. संध्याकाळी चित्राने गाडी गराजमध्ये लावली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. दिवा बंद करून आत आली तेव्हा ती रडत होती, पण तिने ते जयदीपला दिसू दिलं नाही.

जूनमध्ये कपिलने एक व्हिडिओ पाठवला. चित्राने सोफ्यावर जयदीपशेजारी बसून फोन त्याच्या समोर धरला. गाळ्यातल्या ट्यूबलाइटखाली ते यंत्र उभं होतं, चकतीला नवा कागद, आणि चकती योग्य दिशेने फिरत होती. कपिल एका फळीची कड घासत होता. लाकडाचा भुगा उडत होता. मागून कुणीतरी म्हणत होतं, भाऊंना पाठव.

जयदीप कान देऊन ऐकत होता. चकती ठीक होती. नट ठीक होता. पण खालून एक फटफट येत होती, अगदी बारीक. पट्टा सैल होता. असाच चालवला तर महिन्याभरात पुलीवरून उतरेल, कदाचित तुटेल. मोटर बोटभर मागे सरकवली की झालं.

त्याने डावा हात उचलला आणि फोनकडे बोट केलं.

“ऐकू येत नाही का?” चित्रा म्हणाली, आणि तिने आवाज मोठा केला.